औरंगाबादच्या उलट दिशेनं

दादा, तुझ्या शोकसभेत मी हसले.

मुद्दाम नाही, हसू आलं. क्लासच्या मोठ्या हॉलमध्ये तुझा हार घातलेला फोटो, समोर दोन पिढ्यांचे पालक, आणि माईकवर एक धोतरवाले गृहस्थ डोळे पुसत सांगत होते, "सरांनी ह्या मातीला इतके डॉक्टर दिले, इतके दिले, की मोजायला बसलं तर दिवस पुरायचा न्हाई." मी पहिल्या रांगेत होते, वहिनीच्या शेजारी. पटकन तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, बहिणीला हुंदका आला. वहिनीनं पाठीवरून हातही फिरवला. मी मनात म्हणत होते, मोजा ना काका, मोजाच एकदा. एक कमी भरेल. ती एक मी.

पेपरात तुझ्यावर चांगलं छापून आलंय. भूकंपात आईवडील गमावलेला तरुण पत्र्याच्या शेडमध्ये गणित शिकवायला लागला आणि बघता बघता एवढा पसारा उभा केला, वगैरे. खोटं त्यात काही नाही. तू केलंस ते सगळं. फक्त बासरच्या सरस्वतीच्या पायाला लावलेल्या पेनांची गोष्ट त्यांनी चौकटीत टाकलीय आणि वर मथळा दिलाय, 'सरांची श्रद्धा'. ती चौकट मी कात्रीनं कापून ठेवलीय. श्रद्धा म्हणे! त्या श्रद्धेचा जन्म झाला तेव्हा हजर असलेली दोनच माणसं होती, त्यातलं एक आता बोलत नाही. तेव्हा मीच बोलते.

आपलं गाव किल्लारीच्या अंगाला. भूकंप झाला तेव्हा आपण दोघं लातुरात खोलीवर होतो, मी बारावीला आणि तू बीएस्सी होऊन नोकरीच्या शोधात. म्हणून वाचलो. आई-अण्णा नाही वाचले. त्या दिवसांबद्दल आपण एकमेकांशी कधी बोललो नाही आणि आजही मी बोलणार नाही. मार्चमध्ये मी परीक्षा दिली. जीवशास्त्रात कॉलेजात पहिली आले, मेडिकलची यादी मात्र थोडक्यात हुकली आणि प्रतीक्षायादीत नाव लागलं. तोवर तू शेड भाड्यानं घेऊन क्लास काढला होतास. यादी पुढे सरकायची वाट बघत बघत मी अकरावीच्या पोरींना जीवशास्त्र सांगायला लागले. पोरी मला दीदी म्हणायच्या. त्या पावसाळ्यात क्लास भरला तो तुझ्या त्रिकोणमितीनं नव्हे, माझ्या बेडकानं आणि माझ्या जास्वंदीच्या फुलानं. हे तुलाही माहीत होतं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

गणपती नुकतेच उठले होते. मी भाजी घेऊन येत होते तर गल्लीच्या तोंडाशी पोस्टमन भेटला. "ताई, तुमच्या दादाच्या हातात तार देऊन आलो. औरंगाबादची हाय, डॉक्टरकीची. आमचे पेढे कवा?" मी तशीच धावत खोलीवर. तू टेबलाशी पेपर तपासत बसला होतास. तार कुठंच दिसत नव्हती. मी पिशवी हातात घेऊन उभी राहिले. तू मान वर न करता म्हणालास, "कुंदे, उद्या नांदेडला जाऊ, आत्याकडं. परवा फटफटीवर बासर. पोरायचे पेन सरस्वतीच्या पायाला लावून आणू. गोदावरीच्या काठाकाठानं जाऊ, तुला नदी दावतो."

मला वाटलं, खोडी काढतोय. तुझी सवयच ती. दहावीच्या निकालाला तू मला नापास सांगून तासभर रडवलं होतंस आणि मग अण्णांकरवी पेढा दिला होतास. मी म्हटलं, हा नांदेडहून मला औरंगाबादच्या एसटीत बसवणार आणि खिडकीतून तार हातात देणार. म्हणून मीही गप्प. वर्गातल्या बेचाळीस पोरापोरींचे पेन गोळा केले, प्रत्येकाला चिकटपट्टी गुंडाळून वर नाव लिहिलं, आणि पिशवीच्या तळाशी, पेनांच्या खाली, माझी मूळ प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलीत घालून ठेवली. इतकी मी शहाणी.

नांदेडला आत्याकडं सकाळी तू मोरीत आंघोळ करत होतास आणि तुझा शर्ट खुंटीला होता. मला राहवलं नाही. खिशात चार घड्या घातलेली तार होती. आजचीच तारीख. सायंकाळी पाचपर्यंत मूळ प्रमाणपत्रांसह औरंगाबादला हजर राहावं, गैरहजर राहिल्यास हक्क संपला. आत्याच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा. एसटी स्टँड चालत दहा मिनिटांवर, गाडीनं फार तर सात तास. आत्या चुलीपुढून म्हणाली, "काय गं, काय शोधून राहिली?" मी म्हणाले, कंगवा.

तू बाहेर आलास. शर्ट घातलास, खिसा चाचपलास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. आता हसेल. आता हसेल. तू म्हणालास, "चल, ऊन व्हायच्या आत निघू."

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं, हे मला गेली तीस वर्षं माहीत आहे. कोणी सांगायला नको. पण आपल्या घराण्याची खोड तुला ठाऊक आहे. अण्णा आणि काका बांधावरच्या एका बाभळीवरून चौदा वर्षं बोलले नाहीत आणि रोज एकाच विहिरीवर पाणी भरलं. समोरच्यानं आधी बोलावं! मीही त्याच विहिरीचं पाणी प्यालेली. म्हटलं, तू सांगशील. तूच सांगायचंस. मी आत्यानं बांधून दिलेले धपाटे पिशवीत टाकले आणि तुझ्या मागे बसले. मला टोचू नये म्हणून तू मागच्या सीटवर आत्याची उशी सुतळीनं बांधली होतीस. ते बघून मला क्षणभर तुझा इतका लळा आला की तारेचा विसर पडला. असा तू.

आणि तो दिवस किती सुंदर होता, याचाच मला जास्त राग येतो. पाऊस उघडून दोन दिवस झाले होते. गोदावरी दोन्ही थड्या भरून, तांबूस, संथ. मुदखेड मागे टाकल्यावर तू डांबरी रस्ता सोडून काठाकाठाच्या कच्च्या वाटा धरल्यास. एका बाजूला मूग काढलेली काळी रानं, हाताला येऊ लागलेला कापूस, दुसऱ्या बाजूला पाणी आणि पाण्याकडेला लव्हाळ्यांचे पांढरे तुरे. म्हशींच्या पाठीवर बगळे. तू वळून वळून ओरडत होतास, "ते बघ, भोयाची नाव! ते बघ, कसा मासा घावलाय त्याला!" भूकंपानंतर तू पहिल्यांदा गाणं म्हणालास त्या दिवशी, बेसूर. मी मागे बसून हिशेब करत होते. आठ वाजले, आता वळलो तर साडेतीन. साडेआठ, आता वळलो तर चार.

उमरीच्या पुढे सरळ रस्ता लागला तेव्हा तू गाडी थांबवलीस आणि म्हणालास, "ये पुढं. चालवून बघ." मी म्हणाले, पडेन. "पडत न्हाईस. म्या हाय ना मागं." क्लच, गिअर, सगळं एकदाच सांगितलंस, वर्गात सांगतोस तसं, दुसऱ्यांदा विचारलं की खेकसायचं. "सोड. हळू. हळू गं बये!" दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा चालली. ओढणी कमरेला खोचून मी फटफटी चालवली, दादा, चांगली तीन-चार मैल. शेतातल्या बाया खुरपं थांबवून बघत होत्या. एक म्हणाली, "अगं बघ बघ, पोरगी चालवून राहिली!" मी मोठ्यानं हसत होते. तू मागून माझे खांदे धरले होतेस. औरंगाबादच्या उलट दिशेनं गाडी मी स्वतः हाकली. पुढे कोणी मला विचारलं की आयुष्यात सगळ्यात सुखाचा दिवस कोणता, तर मी गप्प बसायचे, कारण उत्तर हेच होतं.

धर्माबादच्या पुढे तू मला काठावर घेऊन गेलास. समोरच्या थडीला मांजरा येऊन गोदावरीला मिळते. आपली मांजरा, लातूरची, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी नसलेली, इथं एवढी रुंद होऊन आलेली. आपण दगडावर बसून धपाटे खाल्ले. साडेनऊ वाजले होते. आता वळून वाऱ्यासारखं गेलं तरी वेळेत पोचणं कठीणच, पण अगदीच अशक्य म्हणता येत नव्हतं. तुला वाट करून द्यावी म्हणून मी विचारलं, "दादा, काही सांगायचंय का?" तू घास थांबवलास. नदीकडे बघितलंस. "हाव," म्हणालास, "सांगायचं तर हाय." मग तू म्हणालास, "पाण्यात उतरू नको. गाळ लई हाय."

गाळ!

बासरला देवळात गर्दी होती. पुजाऱ्यानं आपली पिशवी घेतली आणि देवीपुढच्या ताटात सरळ पालथी केली. बेचाळीस पेन खळाखळा पडले आणि वर माझी फाइल. त्यानं ती उचलून विचारलं, "इदि कूडा?" हेपण का? पारदर्शक फाइल, वर माझी गुणपत्रिका, माझं नाव. तू ती बघितलीस. तुझा हात खिशावर गेला, तारेच्या. मग माझ्याकडे बघितलंस. "हे कशाला आणलंस?" आणि मी, दादा, मी तुला सोडवलं. मी म्हणाले, "सरस्वतीच्या पायाला लावायला." तू म्हणालास, "हाव. लावा की. ते बी लावा." पुजाऱ्यानं माझ्या बारावीला हळद लावली. तो पिवळा डाग अजून आहे.

तुला तेव्हा कळलं होतं का? हे मी तुला तीस वर्षं विचारायचं म्हणत होते. मला वाटतं, कळलं होतं. माणूस खिशावर हात ठेवतो तो उगाच नाही. पण मी तुला एक खोटं देऊ केलं आणि तू ते आनंदानं घेतलंस. परतताना ऊन कलत होतं, नदी आता डाव्या हाताला होती, आणि तू पुढून म्हणालास, "आता आपण दोघंच हाव, कुंदे. तू जीवशास्त्र बघ, मी बाकीचं." पाच कधी वाजले ते मला कळलं नाही. मी उशीवर बसून पेंगत होते.

त्या बॅचचा निकाल दणक्यात लागला आणि पोरांनीच गावभर केलं, बासरचा पेन लाभतो. पुढच्या वर्षी पालक पेन घेऊन दारात. जळकोट, देवणी, मुरुड, कुठून कुठून यायचे. पोराला पाढे येत नसले तरी चालेल, पेन बासरचा हवा. देवणीचा एक बाप तर भांडायला आला होता, आठवतंय? "मॅडम, तुमची चिकटपट्टी बदलली. माझ्या पोरीचा पेन दुसऱ्याच्या पोराला गेला, म्हणून तो डॉक्टर झाला आन् माझी नापास!" तू त्याला समजावत होतास आणि मी आत हसून हसून बेजार. आपलं एक पाप झाकायला तू एक बहाणा काढलास, आणि लोकांनी त्याचा देव केला. आणि त्या चिकटपट्ट्या दरवर्षी मी लावल्या. बीएस्सी झाले, एमएस्सी झाले, दीदीची मॅडम झाले, लग्न तू दोनदा जमवलंस आणि दोनदा मी मोडलं, पण पट्ट्या लावायचं सोडलं नाही.

तू मात्र दरवर्षी फटफटीवरच जायचास. दारात मोठी गाडी आली, ड्रायव्हर आला, तरी ह्या एका फेरीला फटफटी, एकटा, काठाकाठानं, मागे सुतळीनं बांधलेली पेनांची पोती. लोक म्हणायचे, काय साधेपणा सरांचा! वहिनी मला म्हणायची, "तुम्ही तरी सांगा ना वन्सं, ह्या वयात पाठ धरते त्यांची." मी म्हणायचे, जाऊ द्या वहिनी, श्रद्धा आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुळीनं माखून यायचास आणि माझ्याकडे बघायचास. मी पोती उतरवून घ्यायचे आणि विचारायचे, "नदीला पाणी होतं का?" एवढंच. दरवर्षी. तू म्हणायचास, होतं. मला त्यात गंमत वाटायची, खरं सांगते. मांजरीला उंदराबरोबर वाटते तशी.

मग मिनूचा नंबर लागला मेडिकलला. तुझी पोरगी, तिला जीवशास्त्र मीच शिकवलं. तिच्या प्रवेशाला तू दोन दिवस आधी जाऊन लॉजवर राहिलास, कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, गाडी बंद पडली तर म्हणून दुसरी गाडी सांगून ठेवलेली. मी सगळं बघत होते. परत आलास तेव्हा माझ्या खोलीच्या दारात उभा राहिलास. "कुंदे, एक बोलायचं होतं." तुझा आवाज असा की मी समजून गेले. मी म्हणाले, "आधी पेढे आण." तू पेढे आणायला गेलास, आणि मी दार लावून घेतलं. त्यानंतरही दोनदा प्रयत्न केलास. एकदा मी डोकं दुखतंय म्हणाले, एकदा रेडिओ मोठा केला.

आणि गेल्या महिन्यात दवाखाना. मिनू पुण्याहून आली. बाहेरच्या बाकावर माझा हात हातात घेऊन ती मला सावकाश, सोप्या शब्दांत सांगत होती, "आत्या, बाबांचं हृदय नीट पंप करत नाहीये." बाळा, हृदयाला कप्पे चार असतात हे तुला मी सांगितलं, फळ्यावर लाल-निळ्या खडूनं. पण मी मान हलवली. मग ती म्हणाली, "ते सारखं तुलाच बोलवतायत. जा ना आत."

दुपारची वेळ होती. तू तोंडावरचा मास्क खाली ओढलास. केवढासा झाला होतास. माझं मनगट धरलंस, बोटांत जोर नव्हता. "कुंदे," म्हणालास, "ती तार."

मी म्हणाले, "कुठली तार?"

तुला वाटलं असेल, ऐकू आलं नसेल. पुन्हा म्हणालास, "औरंगाबादची. बासरला गेलो तवाची." मी तुझी चादर सारखी केली. "पेनांचं म्हणतोस होय? लावल्यात मी चिकटपट्ट्या. तू बरा हो आधी." तुझ्या डोळ्यांच्या कडेतून पाणी खाली कानात गेलं. मनगटावरची बोटं सुटली. मी मास्क पुन्हा नीट बसवला, नर्स बसवते तसा, आणि बाहेर येऊन चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

आता ऐक. कारण हे कोणालाच ठाऊक नाही, मिनूला नाही, वहिनीला नाही. समोर मांजरा मिळत होती आणि तू दगडावर बसून धपाटं मोडत होतास, तेव्हा माझं मनात ठरलं होतं. तू खिशातनं तार काढून माझ्या हातात दिलीस, की मी ती वाचणार होते आणि म्हणणार होते, "राहू दे दादा. मला न्हाई जायचं." खरंच म्हणणार होते. आई-अण्णा गेल्यापासून मी कॉलेजातून यायला जरा उशीर केला तर तू गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा असायचास, चप्पल न घालता. तुला तसा उभा ठेवून मी कुठं जाणार होते रे? जे तू चोरलंस ते मी तुला आपणहून देणार होते. तू फक्त तोंड उघडायचं होतंस.

मी जाणारच नव्हते, एवढं एक वाक्य. दरवर्षी पोती उतरवून घेताना म्हणता आलं असतं. दवाखान्यात तर तू मनगट धरून बसला होतास त्यासाठी. माझ्या जिभेवर होतं, दादा, अगदी टोकावर. मी ते गिळलं, कारण तुला सुखानं जाऊ द्यायचं नव्हतं मला.

नाही गेलास सुखानं. झालं माझ्या मनासारखं. आता ऊठ, आणि भांड माझ्याशी.